वर्खाखालची तांबडी माती

आश्विन महिना सरत आला, की जळगाव-धुळ्याच्या पेठांतील घराघरांत आणि पेढ्यांवर साफसफाई सुरू होते. गाद्या-तक्क्यांचे अभ्रे बदलतात, तिजोरी पुसली जाते, जुन्या चोपड्या माळ्यावर जातात आणि भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. पेढी घालणाऱ्या पणजोबांचा हाताने रंगवलेला फोटो, गुरुमहाराजांची छबी, तीर्थक्षेत्राचा पट, कमळावर उभ्या असलेल्या लक्ष्मीचे जुने छापील चित्र. त्यांच्या नक्षीदार सोनेरी चौकटींवर वर्षभराची धूळ आणि उदबत्तीचा धूर बसलेला असतो. ओले फडके फिरते. फडक्यावर पिवळसर-तांबूस डाग उमटतो आणि चौकटीच्या कोपऱ्यावर लाल माती दिसू लागते. चौकट खराब झाली असे समजून कोणीतरी बाजारातून सोनेरी रंगाची डबी आणतो. तासाभरात चौकट झळकते. काही वर्षांनी मात्र तीच चौकट काळपट, तपकिरी दिसू लागते आणि पुढच्या साफसफाईत तिची रवानगी अडगळीत होते.

त्या तासाभरात नेमके काय घडले, हे हिशेबाच्या भाषेत सांगता येते. खरे सोने पुसून काढले गेले आणि त्याच्या जागी पितळेची भुकटी लावली गेली. तीही पदरचे पैसे खर्चून. ज्या शहराची ओळखच सुवर्णनगरी अशी आहे, तेथे हा व्यवहार दर दिवाळीला बिनबोभाट होत असतो.

फडक्याला लागलेली ती लाल माती म्हणजे घाण नव्हे. सोनेरी चौकटीच्या बांधणीतला तो एक आवश्यक थर आहे. जुन्या पद्धतीच्या चौकटीत सर्वांत खाली लाकूड असते. त्यावर पातळ सरसाचा हात देतात. मग खडूची बारीक भुकटी सरसात कालवून तिचे सहा-आठ हात एकावर एक चढवतात. ते वाळले, की घासून आरशासारखे गुळगुळीत करतात आणि बुजलेली नक्षी पुन्हा कोरून उठावदार करतात. या पांढऱ्या अस्तरावर गेरूसारख्या अतिशय बारीक तांबड्या मातीचे तीन-चार हात येतात. सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो, की खालचा रंग त्यातून झिरपतो. तांबड्या मातीमुळे सोन्याला उबदार तेज येते. शिवाय ही माती मऊ असल्यामुळे वर्ख तिच्यावर दाबून घोटता येतो. पाण्याने ही माती ओली करायची, हलक्या हाताने वर्खाचे पान ठेवायचे, काही तासांनी अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचे, की मुशीतून आताच बाहेर आल्यासारखी झळाळी येते. अकीक घडवण्यासाठी गुजरातमधील खंभात शतकानुशतके प्रसिद्ध आहे. पोथ्यांवरील सोने घोटण्यासाठीही हाच दगड वापरत.

या पद्धतीला पाणवर्ख म्हणता येईल. तिचे सौंदर्य पाण्यातून येते आणि तिचा घातही पाण्यानेच होतो. खालचे अस्तर सरसाने बांधलेले असते आणि सरस पाण्यात सुटतो. म्हणून ओले फडके हा अशा चौकटीचा पहिला शत्रू.

दुसरी पद्धत तेलवर्खाची. तीत उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात देतात. ते पुरते वाळण्याआधी, बोटाला किंचित चिकटेल अशा अवस्थेत, त्यावर वर्ख बसवतात. हे काम ऊन-पावसाला अधिक टिकते, म्हणून घुमट-कळस, दुकानांच्या पाट्या अशा उघड्यावरच्या वस्तूंसाठी ते वापरतात. मात्र ते घोटता येत नाही. त्याची चमक मंद राहते. अनेक जुन्या चौकटींत उंचवट्यांवर घोटलेला पाणवर्ख आणि खोलगट भागांत मंद तेलवर्ख, अशी दोन्ही कामे शेजारी-शेजारी आढळतात.

आता प्रश्न येतो तो सोन्याच्या वजनाचा. सराफ बाजारात वाढलेल्या कोणालाही चौकट पाहताच वाटते, की हिच्यात तोळाभर तरी सोने असेल. गणित वेगळेच निघते. चौकटीसाठी वापरला जाणारा वर्ख सामान्यतः मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका जाड असतो. सोन्याची घनता १९.३ धरली, तर एक ग्रॅम सोने सुमारे ५,००० चौरस सेंटीमीटर, म्हणजे अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग झाकते. ६० बाय ४५ सेंटीमीटरचे चित्र आणि भोवती ५ सेंटीमीटर रुंद पट्टी घेतली, तर पट्टीचे सपाट क्षेत्रफळ १,१५० चौरस सेंटीमीटर होते. नक्षीचा उठाव आणि बाजू धरून ते १,५०० मानावे. त्यावर बसणारे सोने ०.३ ग्रॅम, पानांचे काठ एकमेकांवर चढतात आणि थोडी नासधूस होते, ती धरून ०.४ ग्रॅम. म्हणजे दहा ग्रॅमच्या एका तोळ्यात अशा पंचवीस चौकटी मढतात.

या आकड्याचा अर्थ दोन बाजूंनी घ्यावा लागतो. चौकट मोडून सोने काढण्याचा विचार करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. दुसरीकडे, नव्या वर्खकामाचे मोठे अंदाजपत्रक पाहून ‘एवढे कसले सोने लागते?’ असे विचारणाराही चुकतो. खर्च सोन्याचा नसून अस्तराच्या थरांचा, घासण्याचा, कोरण्याचा आणि कारागिराच्या दिवसांचा असतो. जुन्या चौकटीचे मोल याच श्रमांत साठलेले असते आणि ओल्या फडक्याबरोबर वाहून जातात ते हेच श्रम.

वर्खाच्या जाडीवरून होणारी लबाडीही जुनीच आहे. इटलीतील चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने इ. स. १४०० च्या सुमारास लिहिलेल्या कारागिरीच्या ग्रंथात तक्रार आहे, की वर्खवाले एका डुकाट नाण्यातून १४५ पाने काढतात. उत्तम कामासाठी शंभरच काढली पाहिजेत. माल तोच, नाव तेच, फक्त वजन एक तृतीयांशाने कमी. कापूस आणि केळीच्या व्यापारात आयुष्य घालवलेल्या खानदेशी वाचकाला हे दुखणे ओळखीचे वाटेल.

भारतात सोन्याचे पान आणि चित्र यांचे नाते फार जुने आहे. पश्चिम भारतातील श्रीमंत श्रावकांनी पंधराव्या शतकात सोन्याच्या शाईने कल्पसूत्राच्या प्रती लिहवून घेतल्या; अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारातील प्रत त्यांपैकी विशेष गाजलेली. अजमेरच्या सोनीजींच्या नसियांमधील ‘स्वर्णनगरी’ या दालनात सोन्याने मढवलेल्या लाकडी प्रतिकृतींतून जैन कथाविश्व उभे केले आहे. मराठी माणसाच्या दृष्टीने तंजावरचे काम सर्वांत जवळचे. भोसले घराण्याच्या आश्रयाने, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८ ते १८३२), लाकडी फळीवर कापड चिकटवून, त्यावर खडूच्या लुकणाने उठाव देऊन, सोन्याच्या पानांनी मढवलेली चित्रे तेथे बहरली.

मध्यमवर्गीय आणि व्यापारी घरांत सोनेरी चौकट आली ती मात्र छापील चित्रांबरोबर. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी देशभरच्या पेढ्यांवर पोहोचल्या. चित्र कागदाचे आणि स्वस्त, पण त्याला मान द्यायचा तर चौकट हवी. ऐपतीप्रमाणे कोणी खरा वर्ख लावून घेतला, कोणी पितळी. म्हणूनच आज घरातील चौकट हाती घेतली, की पहिला प्रश्न हाच पडतो: हे सोने आहे की सोन्यासारखे?

सोन्यासारखे दिसणारे प्रकार मुख्यतः तीन. पहिला, तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचे पान. हे खऱ्या वर्खासारखेच लावतात, पण वार्निशाचे संरक्षण नसेल तर काळवंडते. दुसरा, त्याच मिश्रधातूची भुकटी घातलेला डबीतला सोनेरी रंग. तिसरा, चांदीच्या पानावर पिवळे वार्निश; युरोपात शतकानुशतके ही युक्ती चालत आली. आजकालच्या तयार पट्ट्यांवर तर यंत्राने चिकटवलेला सोनेरी रंगाचा पातळ पापुद्रा असतो आणि आत लाकडाऐवजी पुष्कळदा प्लास्टिक.

ओळखण्याच्या काही खुणा घरच्या घरी, चौकटीला हात न लावता पाहता येतात. उजेड तिरका पडेल असे धरले, की खऱ्या वर्खाच्या चौकटीवर पानांच्या जोडांच्या पुसट आडव्या रेषा दिसतात. सोन्याचे पान साधारण आठ सेंटीमीटर चौरस असते, पितळी पान बहुधा चौदा सेंटीमीटर. म्हणून रेषांमधील अंतरच पुष्कळ सांगून जाते. झिजलेल्या कडांवर तांबडी, पिवळी किंवा काळसर माती दिसणे ही पाणवर्खाची खूण. सोनेरी रंगात मात्र जोड नसतात, कुंचल्याचे ओघळ असतात आणि खाचांत हिरवट-तपकिरी काळोख साचलेला असतो.

पितळी वर्ख लावणे यात गैर काही नाही. गैर आहे ते पितळ लावून सोन्याचे बिल करणे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक-व्यवहार’ सांगितला आहे. अस्सलाच्या नावाने नक्कल खपवणे, असा त्याचा सरळ अर्थ. ग्राहकाला येथे कायद्याचा फारसा आधारही नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या सोन्याच्या वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही आणि चौकटीवर तर अर्धा ग्रॅमही सोने नसते. म्हणून कसोटी एकच उरते: कारागिराचा शब्द आणि त्याने बिलावर लिहून दिलेला तपशील. वर्ख किती कॅरेटचा, सोन्याचा की मिश्रधातूचा, पाने साधारण किती लागली, एवढे लिहून मागितले तर प्रामाणिक कारागीर रागावत नाही.

जैन कुटुंबाला याहून अवघड वाटणारा प्रश्न वेगळा आहे. चौकट सोन्याची असली, तरी तिच्यात आणखी काय काय आहे? वर्ख कुटताना सोन्याचे तुकडे ज्या पापुद्र्यांच्या थप्पीत ठेवतात, ते पापुद्रे परंपरेने बैलाच्या आतड्यापासून केलेले असत, युरोपात आणि भारतातही. खाद्य वर्खाबद्दल समाजात यावर बरीच चर्चा झाली आणि २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने चांदीच्या वर्खाच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर प्राणिज पदार्थ वापरू नये, असा नियम अधिसूचित केला. परंतु तो नियम मिठाईवरच्या वर्खाचा. चौकटीवरचा वर्ख कोणी खात नाही, म्हणून त्याबद्दल नियम नाही. मिठाईच्या दुकानात आवर्जून चौकशी करणारे श्रावक गुरुमहाराजांच्या तसबिरीची चौकट मढवताना तोच प्रश्न विचारायला विसरतात.

वर्खापाशी प्रश्न संपत नाही. पांढऱ्या अस्तरातील सरस हा कातडे व हाडे उकळून केलेला असतो. युरोपीय पद्धतीत त्यासाठी सशाचे कातडे पसंत करतात. तांबडी माती कालवताना काही कारागीर अंड्याचा पांढरा बलक घालतात. पान उचलण्याचा चपटा कुंचला खारीच्या केसांचा असतो. तेलवर्खाच्या खाली आणि कधी वर्खावर जे लाखेचे पॉलिश देतात, ती लाख तर लहान किड्यांपासून मिळते. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य का सांगितले आहे, हे येथे ध्यानात येते.

पर्याय आहेत आणि त्यांची किंमतही माहीत असलेली बरी. कृत्रिम पापुद्र्यांत यंत्राने कुटलेला वर्ख मिळतो. अस्तरासाठी सरसाऐवजी ॲक्रिलिक चिकटद्रव्य चालते. तंजावरच्या परंपरेत डिंक, चिंचोक्याची खळ अशी वनस्पतिज द्रव्येही वापरतात. कुंचले कृत्रिम केसांचे येतात. त्यावर जवसाच्या तेलाचा तेलवर्ख केला, तर नवी चौकट प्राणिज पदार्थांशिवाय पूर्ण होऊ शकते. मात्र घोटलेल्या पाणवर्खाची आरशासारखी झळाळी तिला येणार नाही. ज्याला अहिंसा हवी, त्याने मंद तेज पत्करावे, हा सौदा कारागिराने आधीच स्पष्ट सांगावा आणि ग्राहकाने समजून स्वीकारावा.

जुन्या चौकटीचे काय, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. तो एका उदाहरणाने मांडता येईल. समजा, धुळ्यातील एका कुटुंबात दोन भावांची वाटणी चालली आहे. दुकान, घर, ठेवी यांचे जमले. अडले ते आजोबांच्या तसबिरीपाशी. चौकटीचा एक कोपरा निखळलेला, खालच्या पट्टीवरचे अस्तर पापुद्र्यांनी सुटलेले, वर कधीतरी कोणी सोनेरी रंग फासलेला. थोरला म्हणतो, “चौकट काढून टाका. आत सरस आहे, बाहेर पितळ आहे. फोटो नव्या पट्टीत बसवू.” धाकटा म्हणतो, “नको दादा, सगळे खरवडून नव्याने सोन्याने मढवू. खर्च मी देतो.” दोघांची आजोबांवरची माया सारखीच. पण दोघांच्या तोडग्यांत एक गोष्ट समान आहे: जुने काम उरत नाही.

संवर्धनाचे शास्त्र तिसरी वाट सांगते. जे टिकले आहे ते टिकवायचे, जे सुटले आहे ते चिकटवायचे, जे गेले आहे तेवढेच भरायचे आणि भरलेले पुढे कधी काढावे लागले तर काढता येईल असे ठेवायचे. निखळलेला कोपरा जोडतात. सुटलेले पापुद्रे जागच्या जागी बसवतात. जेथे अस्तरच गेले तेथे भरणी करून तेवढ्यापुरता नवा वर्ख लावतात आणि त्याचा झगझगीतपणा कमी करून शेजारच्या जुन्या सोन्याशी मिळवतात. वर फासलेला सोनेरी रंग योग्य द्रावणाने, इंच-इंच तपासत काढता येतो; पुष्कळदा त्याखाली मूळ सोने शाबूत सापडते. हे काम सावकाशीचे आहे आणि घरी करण्यासारखे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचा स्वतंत्र विभाग आहे, लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे. अशा संस्थांत तयार झालेले संवर्धक ही विद्या जाणतात.

थोरल्याच्या शंकेलाही यात उत्तर आहे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या अस्तरातील सरस चौकट फेकल्याने परत जात नाही. उलट नवी चौकट म्हणजे नवे लाकूड, नवे चिकटद्रव्य, नवा आरंभ-समारंभ. आहे ते जपले आणि भरणीसाठी कृत्रिम रेझिनची सामग्री मागितली, तर नवी हिंसा सर्वांत कमी होते. धाकट्यासाठी वहीखात्यातील भेद पुरेसा आहे. जुनी मत्ता नीट ठेवण्यासाठी केलेला खर्च वेगळा आणि जुनी मत्ता निर्लेखित करून नवी घेणे वेगळे. सगळे खरवडून मढवलेली चौकट सुंदर असेल. पण ती आजोबांच्या भिंतीवरची चौकट नसेल. आणि वाटणीचा पेच? एकाने चौकटीसह मूळ तसबीर घ्यावी, दुसऱ्याने फोटोची उत्तम प्रत काढून नव्या, प्रामाणिक चौकटीत लावावी. दुरुस्तीचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा.

खानदेशच्या हवामानात दुरुस्तीइतकीच निगाही महत्त्वाची. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लाकूड आकसते आणि कोपऱ्यांचे तिरकस सांधे उघडतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. लाकूड हलते, अस्तर हलत नाही. म्हणून त्याला तडे जातात. अशी तसबीर पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर, कूलरच्या झोतात किंवा स्वयंपाकघराजवळ नसावी. भिंतीला ओल असेल, तर मागे बुचाचे लहान तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. वाळवीही लवकर लक्षात येते. पुण्यतिथीला घातलेल्या ताज्या फुलांच्या हाराचे पाणी वरच्या पट्टीवर ठिबकते आणि नेमका तेथलाच वर्ख आधी जातो. अशा तसबिरीला चंदनाचा कोरडा हार शोभतो, किंवा हार खाली पाटावर ठेवावा. धूळ काढायला कोरडा, मऊ कुंचला पुरे. काच पुसायची असेल, तर फडक्यावर पाणी घ्यावे, काचेवर शिंपडू नये आणि काठापाशी थांबावे. अस्तराचा तुकडा पडलाच, तर तो केरात न टाकता कागदाच्या पाकिटात घालून तारीख लिहून ठेवावा; संवर्धकाला तो नव्या भरणीपेक्षा मोलाचा असतो. चौकटीच्या पाठीवर फ्रेमवाल्याची चिठ्ठी किंवा हस्ताक्षर असेल, तर ते झाकू नये. दुरुस्तीला देण्याआधी पुढून व मागून फोटो काढून ठेवावेत आणि पोचपावतीवर चौकटीची मोजमापे लिहून घ्यावीत.

या दिवाळीत तसबिरी खाली उतरतील, तेव्हा पाण्याची बादली त्या खोलीबाहेर राहिली तरी पुष्कळ झाले. एखाद्या कोपऱ्यावर तांबडी माती डोकावत असेल, तर ती घरातील मुलांना दाखवावी. वरचे सोने किती थोडे आहे आणि त्याला धरून ठेवणारे थर किती आहेत, हे त्यांना त्या एका कोपऱ्यावरून समजेल. मग कोरड्या कुंचल्याने धूळ झाडून तसबीर पुन्हा तिच्या खिळ्याला लावावी.